जीर्ण तिरंगा आणि माझे चार हेलपाटे

आधी मुद्द्याचं सांगते. फाटलेल्या, विटलेल्या राष्ट्रध्वजाची सन्मानानं विल्हेवाट लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही. हे कळायला मला तीन आठवडे लागले, म्हणून लिहायला बसले.

आमची सोसायटी इंदिरानगरला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ला जवळजवळ प्रत्येक गॅलरीत झेंडा लागला. त्याच्या आदल्याच महिन्यात ध्वजसंहितेत, म्हणजे राष्ट्रध्वज वापरण्याच्या सरकारी नियमांत, बदल होऊन घरावरचा तिरंगा रात्रीही फडकत ठेवायची मुभा मिळाली होती. पूर्वी सूर्यास्ताला उतरवावा लागायचा. मुभा मिळाली आणि बरेच झेंडे उतरवायचे राहूनच गेले. सेक्रेटरी झाल्यावर मी दारोदार जाऊन ते गोळा केले. ३१ भरले. केशरी पार फिका पडलेला, आणि एकाचा हिरवा पट्टा तर उसवून झालरीसारखा लोंबत होता. घंटागाडीत टाकायला कुणाचंच मन होईना.

मग मी एका सरकारी कार्यालयात गेले. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “अर्ज द्या.” दिला. दुसऱ्या वेळी म्हणाले, “सोसायटीच्या लेटरहेडवर हवा, ठराव जोडा.” ठरावासाठी कमिटीची मीटिंग लावली, आठवडा गेला. तिसऱ्या खेपेला अर्ज आवकला गेला, शिक्का मिळाला आणि तिथून मला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथले म्हणाले, “मॅडम, झेंडा जाळणं गुन्हा आहे. तीन वर्षं आत जाल.” माझ्या हातापायातलं बळच गेलं. गोळा केलेल्या झेंड्यांची पिशवी घरी देवघराशेजारी ठेवली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण चांगलं करायला गेलो आणि गुन्हेगार ठरतोय की काय, हेच डोक्यात. चौथ्या वेळी साहेब मीटिंगला. दोन तास बाकावर बसले. शेवटी तिथला एक वयस्कर शिपाई जवळ येऊन म्हणाला, “ताई, यावर साहेब कसली सही करणार? आधी नियम वाचा तुम्ही.”

त्याच रात्री वाचला. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ध्वजसंहिता फुकट मिळते. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ती सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळून, फाडून त्याचा अवमान करणाऱ्याला. आणि २००२ ची संहिता स्वतःच सांगते की खराब झालेला ध्वज खासगीत, संपूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीनं. सगळा फरक ‘खासगीत’ या एका शब्दाचा. त्या टेबलावर तो कुणी मला सांगितला असता, तर तीन आठवडे वाचले असते. याचा राग अजून गेलेला नाही.

मखमलाबादला दिरांचा मळा आहे. तिथे पहाटे आम्ही घरचे चौघंच होतो. प्रत्येक झेंडा घडी करून ठेवला: आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही टोकं खालून मध्ये आणायची, म्हणजे अशोकचक्र वर येतं. तळहातांवर घेऊन एकेक अग्नीला दिला. कात्री लावू नका, तुकडे करू नका. पॉलिस्टर मात्र वितळून थेंब गळतात, धूर उग्र असतो. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभं राहा. यंत्रावर केलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांना डिसेंबर २०२१ पासून परवानगी आहे, तरी माझं मत विचाराल तर सुती किंवा खादीचाच घ्या. त्यातला एकच झेंडा खादीचा होता, तो शांतपणे जळाला आणि मुठीएवढी मऊ राख उरली. सासूबाईंनी हात जोडले. मला भरून आलं.

नवा घेताना लांबी-रुंदी ३:२ आहे ना बघा, आणि चक्राचे २४ आरे मोजा. बाजारात चुकीचे झेंडे सर्रास मिळतात, मी दोन परत केले. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश.

आणि हो, शाळेतून मुलं आणतात ते कागदी झेंडे. तेही रस्त्यावर टाकायचे नसतात, त्यांनाही हाच नियम. आमच्या जिन्याखाली आता त्यासाठी एक झाकणाचा डबा ठेवलाय. भरला की मळ्यावर नेते.