बाटलीत पिवळं पडणारं पाणी : रंगाच्या सांडपाण्याचा माझा अनुभव

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा नमुना टाकीतून भरताना पाणी काचेसारखं होतं. अहवालात मात्र रंग मर्यादेच्या वर. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी ती मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं माप) आहे. दोनदा हेच झालं. प्रयोगशाळेच्या कागदावर आकड्यापलीकडे काही नाही. नमुना किती दिवस पडून होता, गाळून मोजला की तसाच, हे कळायला फेऱ्या माराव्या लागल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही. मोजणी गाळून झाली की न गाळता, हे अहवालावर लिहून मागाच. गढूळपणा असेल तर दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडतो.

आमचं फोंडा तालुक्यातलं युनिट छोटं, दिवसाला ३,००० लिटर सांडपाणी. सुती कपड्यावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग. कापडावर न बसलेला हा रंग पाण्यात विरघळलेला राहतो आणि हवा दिलेल्या जिवाणूंच्या टाकीतून बराचसा तसाच बाहेर पडतो. म्हणून आधी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि चुना घालून रंग गाळात उतरवायचा.

मात्रा ठरवायला एक लिटरचे सहा बीकर घ्या. हिराकसाचं १० टक्के द्रावण २ ते ७ मिली, प्रत्येकात एकेक मिली वाढवत. १ मिली म्हणजे लिटरला १०० मिलीग्रॅम. चुन्याने सामू (pH) ९.५ करा, एक मिनिट जोरात, १५ मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास हात लावू नका. आमचं पाणी ५ मिलीला निवळलं, म्हणजे ३,००० लिटरला दीड किलो हिराकस. शेडमध्ये मात्र ‘थोडं जास्त बरं’ म्हणून अडीच किलो पडत होतं.

पहिली चूक तीच. दुसरी त्याहून मोठी: सामू उतरवायचं आम्ल आम्ही निवळ टाकीतच घालत होतो. सामू ९ च्या वर असेपर्यंत लोह गाळात राहतं. आम्ल पडलं की न बसलेला बारीक गाळ विरघळतो आणि फेरस लोह पाण्यात येतं. ते जवळपास रंगहीन, त्यामुळे डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं. बाटलीत हवा लागून त्याचं फेरिक, म्हणजे गंजासारखं लोह होतं, पाणी पिवळट गढूळ होतं. आणि प्लॅटिनम-कोबाल्टची मोजपट्टी पिवळ्या छटेचीच!

आता क्रम असा: हिराकस, चुना, मग सामू ९ च्या वर ठेवून अर्धा तास हवा. गाळ काळपट हिरव्याचा तपकिरी झाला पाहिजे. हिरवा दिसला तर हवा चालू ठेवा. त्यानंतर पॉलिइलेक्ट्रोलाइटचं (बारीक गाळ एकत्र आणणारं रसायन) ०.१ टक्के द्रावण, लिटरला १ मिलीग्रॅम पडेल इतकं. निवळलेलं पाणी वाळूच्या फिल्टरमधून, आणि आम्ल फिल्टरनंतरच. नमुना पाठवण्याआधी पारदर्शक बाटली अर्धी भरा, जोरात हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी मागे पांढरा कागद धरून बघा. या तपासणीनंतर गेलेला नमुना पहिल्याच वेळी पास झाला. तो कागद हातात आला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

हिराकस झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्येच ठेवा, हे आधी सांगायला हवं होतं. आपल्याकडच्या जूनच्या दमट हवेत हिरवे खडे गंजाच्या रंगाचे होतात, मग वजन तेच पण काम कमी. चुन्याचं पोतंही जमिनीवर टेकवू नका.

गाळ वाळवायचे वाफे गोव्यात पावसाचे चार महिने निरुपयोगी. छोटा फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) घ्या. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, परवानगीशिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, पिसुर्ल्याच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवावा लागतो.

रंगवताना घातलेलं मीठ या प्रक्रियेने जात नाही. रंगाच्या पहिल्या भांड्यातलं खारं पाणी वेगळ्या टाकीत घ्या, नाहीतर विरघळलेल्या क्षारांची लिटरला २,१०० मिलीग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते.