आयकॉनवाले आणि डिटेल्सवाले

माणूस आयकॉनवाला की डिटेल्सवाला, हे त्याच्या कॉम्प्युटरवरचा एखादा फोल्डर उघडला की लगेच कळतं. आयकॉनवाल्यांना चित्रं लागतात, चांगली मोठ्ठाली, एका ओळीत चार मावली तरी पुरे. डिटेल्सवाल्यांना हवी यादी: नाव, तारीख, प्रकार, आकार असे रकाने पाडलेली. या दोघांचं एका कॉम्प्युटरवर पटत नाही. एक उठला की दुसरा बसतो, राइट क्लिक करतो, व्ह्यू बदलतो आणि मगच चष्मा सावरून कामाला लागतो.

आमचे सासरे, अण्णा, हाडाचे डिटेल्सवाले. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात झाल्यामुळे रकाने नसलेल्या कागदावर त्यांचा विश्वास बसत नाही. नातवंडांच्या फोटोंचा फोल्डरसुद्धा ते यादीतच बघतात. एकही चेहरा नाही, नुसते आकडे आणि केबी. मी म्हटलं, "अण्णा, फोटो तरी मोठे करून बघा की." तर म्हणाले, "बघायचा तो उघडून बघीन. आधी एकूण किती आहेत ते तर कळू दे!" पुढे एकदा कंट्रोलचं बटण दाबलेलं असताना त्यांच्या हातून माउसचं चाक फिरलं. यादीची चित्रं झाली आणि ती फुगत फुगत अख्खा स्क्रीन व्यापून बसली. "अगं, सगळं उडालं बघ!" अशी हाक स्वयंपाकघरापर्यंत आली. उडालं काहीच नव्हतं. प्रत्येक फोटो होता तिथेच होता.

हे 'होता तिथेच' मला मोठं गमतीचं वाटतं. पुस्तकांचं कपाट लेखकांप्रमाणे लावलं की ते विषयवार लागत नाही. विषयवार करायचं तर सगळं खाली उतरवा, धूळ झटका, आणि निम्म्यावर जेवायची वेळ होते. फोल्डरात तेच सामान नावाने बघा, तारखेने बघा, सगळ्यात अवजड फाइल वर आणा; फाइल तसूभरही हलत नाही. डिस्कवर तर एकेका फाइलचे तुकडे कुठे कुठे विखुरलेले असू शकतात. तिथे 'अ'नंतर 'आ' अशी भानगडच नाही. रांग लागते ती फक्त स्क्रीनवर, बघणाऱ्यासाठी.

बरं, रांगेचं सोडा, एके काळी फोल्डरसुद्धा नुसता दिसण्यापुरता होता. १९८४ च्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर छान फोल्डर दिसायचे, त्यात फायली टाकता यायच्या. प्रत्यक्षात डिस्कवर सगळ्या फायली एकाच सपाट यादीत असत. फोल्डर हा 'फाइंडर' नावाच्या प्रोग्रॅमने मांडलेला देखावा. एखाद्या प्रोग्रॅममधून 'ओपन' म्हटलं की देखावा गळून पडे आणि डिस्कवरच्या सगळ्या फायली एका लांबलचक यादीत समोर येत. दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फायली ठेवायची तर सोयच नव्हती. खरेखुरे, एकात एक बसणारे फोल्डर १९८५ मध्ये नव्या फाइल व्यवस्थेबरोबर आले. तोवरही लोक समाधानाने फोल्डर लावतच होते, आणि त्यात मला काहीच वावगं दिसत नाही.

फोल्डरचं चित्र त्याआधी, १९८१ मध्ये, 'स्टार' नावाच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाजारात आलं. तो काढला होता झेरॉक्सने. आपल्याकडच्या चौकाचौकातल्या दुकानांवर जिचं नाव आहे, तीच ही कंपनी. आणि फोल्डरचं अजब पीक बघायचं तर आजही झेरॉक्सच्या दुकानातच जावं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं एकाच 'न्यू फोल्डर टू'मध्ये. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा एक्स्ट्रा लार्ज आयकॉनवाला. नावं तो वाचतच नाही. गणपतीचा रंग, नवरीच्या नावाखालची वेलबुट्टी यांवरून मागच्या वर्षीची पत्रिका क्षणात काढून देतो. त्याला डिटेल्सची यादी दिली तर गिऱ्हाइकांची रांग रस्त्यावर जाईल. अण्णांना मात्र ते दुकान बघवत नाही.

नावाने रांग लावणाऱ्यांचे ताप वेगळे. जुन्या विंडोजमध्ये एकनंतर दहा यायचे आणि मग दोन, कारण कॉम्प्युटर आकडा न बघता एकेक अक्षर बघायचा. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून त्याला मोजता यायला लागलं. तरीही लोक सवयीने शून्य-एक, शून्य-दोन असंच लिहितात. तारखांचं त्याहून वाईट. आपण दिवस आधी लिहिणार, मग महिना, मग साल. नावाने रांग लावली की सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एका घोळक्यात, दोन तारखा दुसऱ्या. व्हॉट्सॲप मात्र फोटोच्या नावात साल आधी घालतं, मग महिना, मग दिवस. त्यामुळे सुप्रभातचे फुलांचे फोटोसुद्धा वर्षानुवर्षं शिस्तीत उभे असतात.

मराठी नावांत आणखी एक मौज. अंकलिपीत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकलो, म्हणून आपण क्षीरसागरांना यादीच्या तळाशी शोधतो. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये क्षला स्वतंत्र जागाच नाही. तो क, हलन्त आणि ष असा जोडून लिहिलेला. त्या क्रमाने रांग लावली की क्षीरसागर कुलकर्ण्यांच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे उभे राहतात.

काय दाखवायचं इतकंच काय लपवायचं हेही ठरवावं लागतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, आपण होऊन झाकून ठेवतं, म्हणजे घरगुती माणूस दचकू नये. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरसने याच सोयीचा फायदा घेतला. ईमेलला जोडलेल्या प्रेमपत्राच्या नावात शेवटी टीएक्सटी दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचं व्हीबीएस हे खरं शेपूट झाकलेलं. पत्र म्हणून उघडायला गेलं की आतला प्रोग्रॅम चालू. तो व्हायरस निघाला फिलिपीन्समधल्या मनिलातून. कॉम्प्युटरवरच्या पिवळट फोल्डरचं रूप ज्या कागदी फोल्डरावरून घेतलंय, त्याला इंग्रजीत मनिला फोल्डर म्हणतात, कारण तो पूर्वी तिकडच्या अबाका नावाच्या केळीच्या जातीतल्या झाडाच्या धाग्यांचा असे. आपल्या सरकारी फाइलला नाडी असते. कॉम्प्युटर आपण केला असता तर आयकॉनला नक्की नाडी लोंबली असती.

मी स्वतः आयकॉनवाली, त्यातही हौशी. पिवळा फोल्डर मला उघडाबोडका वाटतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, कस्टमाइज उघडून मी पाककृतींच्या फोल्डरला कढई दिली, बिलांच्या फोल्डरला विजेचा बल्ब. ही हौस 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या एका लपलेल्या फाइलमध्ये लिहिलेली असते, त्याच फोल्डराच्या पोटात. मॅकवालेही निराळे नाहीत. त्यांच्या पेनड्राइव्हमधून आपल्या कॉम्प्युटरवर 'डॉट डीएस स्टोअर' नावाच्या चिटुकल्या फायली येतात, त्या याच कामाच्या: खिडकी केवढी होती, आयकॉन कुठे मांडले होते. पाहुणा निघून गेला तरी त्याच्या बसायच्या सवयी मागे राहतात.

विंडोजची स्मरणशक्ती तर त्याहून दांडगी. कुठला फोल्डर कुठल्या व्ह्यूमध्ये बघितला, याची नोंद ते वेगळीकडे, रजिस्ट्री नावाच्या आपल्या सेटिंग्जच्या वहीत ठेवतं, आणि फोल्डर डिलीट केला तरी ती नोंद बऱ्याचदा पुसली जात नाही. सायबर तपास करणारे तीच नोंद उघडून सांगतात, की या नावाचा फोल्डर या कॉम्प्युटरवर होता आणि तो उघडून बघितलाही होता. फोल्डर गेला, बघितल्याची खूण राहिली.

आमची लेक या दोन्ही पंथांत बसत नाही. तिच्यासाठी फोल्डर हीच मुळात जुनी गोष्ट. "सर्च करायचं ना, आई!" तिचा डेस्कटॉप काठोकाठ भरलेला, वॉलपेपरवरची मांजर कानापुरती दिसते. परवा तिला विज्ञानाचा प्रकल्प सापडेना. फाइलचं नाव होतं 'एएसडीएफ', आतला मजकूर सगळा मराठीत, आणि ही शोधत होती इंग्रजीत 'सायन्स'. पंधरा मिनिटं फणफणली. मग मी चहा ठेवायला वळले तेव्हा तिने गुपचूप डेस्कटॉप यादीत उघडला, तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं, आणि प्रकल्प पहिल्याच ओळीत.