निक्सन गेला तेव्हाची रात्रपाळी

वॉशिंग्टनमध्ये सकाळचे अकरा वाजले की मुंबईत रात्रीचे साडेआठ. १९७४ च्या त्या महिन्यांत अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली घुसखोरी दडपल्याच्या आरोपात, अडकला होता आणि आमची सगळी रात्रपाळी या साडेनऊ तासांच्या फरकावर चालायची. तिकडे दुपारपर्यंत जे घडेल ते आम्हाला शहर आवृत्तीत नीट घेता यायचं, चारच्या पुढे घडलं की पळापळ, आणि संध्याकाळी घडलं तर विषयच संपला, कारण तोवर पान सुटून मशीन सुरू झालेलं असायचं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती तर त्याच्या कितीतरी आधी स्टेशनवर गेलेली.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात नवा उपसंपादक होतो. काम म्हणजे पीटीआय या वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवर परदेशी वृत्तसंस्था रॉयटरची कॉपी येणार, ती फाडायची, तुकडे क्रमाने लावायचे, मराठी करायचं आणि खाली खिळे जुळवणाऱ्या खात्यात पाठवायचं. कागदाची टंचाई होती, पानं कमी केलेली, त्यामुळे परदेशच्या बातमीला जागा म्हणजे उरलंसुरलं. एप्रिलच्या शेवटी निक्सनने आपल्या कार्यालयात टेप झालेल्या संभाषणांची बाराशेच्या वर पानं छापून दिली, केवढी मोठी गोष्ट, पण आमच्याकडे आतल्या पानावर चार इंच. मग मे महिन्यात रेल्वेचा संप आणि पोखरणचा स्फोट, पहिलं पान त्यांचंच, ते बरोबरही होतं. पण वॉटरगेट म्हणजे 'तिकडच्या पक्षांची भांडणं' असं समजणारे लोक आमच्या डेस्कवरच होते याचा मला राग यायचा आणि अजून येतो.

२४ जुलैला रात्री साडेआठच्या सुमारास मशीनची घंटा वाजली. सुप्रीम कोर्टाचा निकाल, आठ विरुद्ध शून्य, टेपा द्या. त्या आठांतले तीन निक्सननेच नेमलेले, सरन्यायाधीश बर्गरसकट. चौथे रेन्क्विस्ट, ते आधी निक्सनच्याच न्यायखात्यात होते म्हणून या खटल्यात बसलेच नाहीत. मी बातमी करून खाली नेली. आमचे फोरमन, म्हणजे त्या खात्याचे प्रमुख, त्यांना सगळे काका म्हणायचे, हातातला मथळा जुळवता जुळवता त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "साहेब, कोर्टाकडे फौज आहे का?" मी म्हटलं नाही. "मग हा देईल कशाला टेपा? जाळून टाकील की."

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसलोय ते त्या प्रश्नापायीच.

कारण त्याने जाळल्या नाहीत. जुलै १९७३ मध्ये निक्सनचा माजी सहायक बटरफील्डने सिनेट समितीपुढे सांगितलं की व्हाइट हाउसमध्ये टेपिंग चालतं, त्यानंतरही नाहीत. एका टेपमधली साडेअठरा मिनिटं गेली, ती कशी गेली यावर वर्षभर चर्वितचर्वण झालं, पण बाकीचा ढीग तसाच राहिला. आणि कोर्टाने मागितल्यावर त्याने दिल्या.

त्यानंतरचे पंधरवडाभराचे दिवस मला तारखेसकट पाठ आहेत. २७ जुलैला अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, प्रतिनिधिगृहाच्या, न्यायविषयक समितीने महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ ने मंजूर केलं, निक्सनच्या पक्षाचे सहाजण बाजूने. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट उजाडत होती, अंक विक्रेत्यांच्या हातात. बातमी सोमवारी गेली आणि शिळी वाटली. ५ ऑगस्टची मात्र आम्ही सोडली नाही.

त्या रात्री दीडच्या पुढेमागे कॉपी यायला लागली. २३ जून १९७२ चं संभाषण, म्हणजे वॉटरगेट इमारतीत घुसलेली पाच माणसं पकडली गेल्यावर सहाव्याच दिवशी निक्सन आपला मुख्य सहायक हॅल्डमनशी बोलतोय, की सीआयए या गुप्तहेर खात्याला सांगून एफबीआय या तपास खात्याचा तपास थांबवायचा. दोन वर्षं जे नाकारलं ते त्याच्याच आवाजात. पान तोवर लागलेलं होतं, फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळलेला, दगडावर. काकांनी कुणाला न विचारता किल्ली घेऊन तो सैल केला, खालची दोन कॉलमी बातमी अख्खी उचलून गॅलीत, म्हणजे खिळ्यांच्या तबकात, ठेवली आणि मला म्हणाले, "नऊ इंच देतो, अर्ध्या तासात मॅटर द्या." मी एकेक परिच्छेद लिहून मुलाच्या हाती खाली पाठवत होतो, पुढचा अजून टेलिप्रिंटरवर खडखडतोय. मोठ्या टाइपात अर्ध्या 'क'चे खिळे आमच्याकडे मोजकेच, आणि निक्सनशिवाय मथळा होत नाही, म्हणून काकांनी दुसऱ्या पानावरच्या एका मथळ्यातला खिळा चिमट्याने काढून इथे बसवला आणि तिथला मथळाच बदलून घेतला. प्रूफ ओलंच माझ्यापुढे टाकलं, एकही चूक नाही. आज स्क्रीनवर दोन बटणात पान बदलतं, पण उलट्या अक्षरांत, मध्यरात्रीनंतर, पिवळ्या बल्बखाली असं काम करणारी माणसं मी पाहिलीत आणि त्यांना पत्रकारितेच्या इतिहासात कुणी ओळभर जागा देत नाही.

८ ऑगस्टला खरा वाद झाला. रात्री दहाच्या आसपास बातमी आली की अध्यक्ष राष्ट्राला उद्देशून भाषण करणार, तिकडच्या रात्री नऊला, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहाला. सूत्रांच्या हवाल्याने सगळे म्हणत होते राजीनामा देणार, पण प्रेस सेक्रेटरी झिगलर तसं बोललेला नव्हता. डेस्कवरच्या अर्ध्या लोकांना 'निक्सन यांचा राजीनामा' असा सरळ मथळा हवा होता, सकाळी वाचक चहा पिताना पेपर उघडेल तेव्हा ते झालेलंच असेल असा हिशोब. एका सीनियरला तर त्यात अमेरिकेचं सातवं आरमार आणायचं होतं. १९७१ च्या डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्धात बंगालच्या उपसागरात एंटरप्राइज ही युद्धनौका पाठवणारा हाच ना, मग लिहा. राग खोटा नव्हता, माझाही होताच, फोनवर वाचकही तेच विचारत होते, गेला का तो?

वृत्तसंपादक नानांनी दोन्ही मथळे खोडले. "तो बोलला का? नाही ना. मग देण्याची शक्यता, एवढंच." आणि आरमाराबद्दल म्हणाले की तो आरमारासाठी जात नाहीये, ज्यासाठी जातोय तेवढंच लिहा. त्या रात्री मला नाना फार थंड वाटले. आज वाटतं की अख्ख्या डेस्कवर ती बातमी त्यांना एकट्यालाच कळली होती.

सकाळी आम्ही चौघेपाच जण घरी न जाता थांबलो, ट्रान्झिस्टरवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावून. आवाज येत-जात होता. उद्या दुपारी बारापासून राजीनामा, उपाध्यक्ष फोर्ड शपथ घेतील. काँग्रेसमधला, म्हणजे तिकडच्या संसदेतला, आधार उरला नाही म्हणून जातोय, असं कारण. टेपांवर कबुली नाही, तपास दाबला हे कुठेच नाही. रात्रीची पाळी त्यामानाने सोपी गेली, परराष्ट्रमंत्री किसिंजरच्या नावे राजीनाम्याचं एका वाक्याचं पत्र, आणि आपल्या साडेनऊच्या ठोक्याला फोर्ड अध्यक्ष.

काकांच्या प्रश्नावर मी पुढे बरंच वाचलं. माझं मत असं झालंय की निक्सनने टेपा दिल्या आणि तो गेला ते कायद्याच्या आदरापोटी नव्हे, त्याच्याभोवतीचे लोक एकेक करून हटले म्हणून. ऑक्टोबर १९७३ मध्ये वॉटरगेटचा तपास करणारा विशेष सरकारी वकील कॉक्सला काढा म्हटल्यावर न्यायखात्याचा प्रमुख, ॲटर्नी जनरल रिचर्डसनने राजीनामा दिला, पाठोपाठ त्याच्या उपप्रमुखाने. २३ जूनची टेप ऐकल्यावर खुद्द निक्सनचे वकील म्हणाले, ही लपवता येणार नाही. ७ ऑगस्टला त्याच्याच पक्षाचे सिनेटर गोल्डवॉटर आणि पक्षाचे दोन नेते जाऊन सांगून आले की महाभियोगातून वाचण्याइतकी सिनेटमध्ये मतं नाहीत. कोर्टाकडे फौज नव्हती, पण नाही म्हणणारी माणसं होती. पुढच्याच जूनमध्ये इंदिरा गांधींची निवड रद्द करणारा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल आला, तेरा दिवसांत आणीबाणी, आणि आमचीच प्रूफं सेन्सॉरकडे जाऊ लागली, तेव्हा कोण कुठे नाही म्हणालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणणारे होते, थोडे होते.

८ सप्टेंबरला फोर्डने निक्सनला संपूर्ण माफी दिली, तीही बातमी रात्री साडेआठनंतर, ऐन वेळेवर आली. नानांचं म्हणणं होतं की देशाला पुढे जायचंय, ठीक केलं. काकांनी मॅटर हातात घेतलं, हॅल्डमन आणि माजी ॲटर्नी जनरल मिचेलवर खटला चालूच राहणार ना एवढं मला विचारलं, हो म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे हुकूम देणारा घरी, ऐकणारे कोर्टात." नानांचा मी आयुष्यभर आदर केला, पण या एका बाबतीत मी काकांच्या बाजूचा आहे. तो खटला उभा राहायला हवा होता.