फ्लटर शिकले, अडले ते आयफोनपाशी

मावशीचा डब्यांचा व्यवसाय आहे. कोणाकडे किती डबे गेले, कोणाची बाकी किती, हे वहीऐवजी मोबाइलवर यावं म्हणून मी ॲप करायला घेतलं. मावशीचा फोन अँड्रॉइड, हिशोब बघणाऱ्या मावसभावाचा आयफोन. म्हणून फ्लटर हे ॲप बनवायचं साधन निवडलं. डार्ट भाषेत कोड एकदाच लिहायचा, ॲप दोन्हीकडे. डार्ट जड गेली नाही. थोडीफार जावा येत असेल तर हात लवकर बसतो.

राग आहे तो फ्लटर शिकवणाऱ्या क्लासवर. जाहिरातीत ‘अँड्रॉइड आणि आयओएस’ ठळक अक्षरांत, फी आधी पूर्ण. आयफोनचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, “मॅडम, ते शेवटी घेऊ.” शेवटी कळलं, त्यांच्या लॅबमध्ये एकही मॅक नाही! विंडोजवर कोड लिहिता येतो, पण आयफोनसाठी बिल्ड करायला, म्हणजे कोडचं चालणारं ॲप बनवायला, ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. हे पहिल्याच तासाला सांगायला काय हरकत होती? फी भरण्याआधी मॅक कुठे आहे ते विचाराच.

मग मैत्रिणीचा मॅक मागून घेतला. तिथे सायनिंगचं, म्हणजे ॲप कोणाचं आहे ते ॲपलला पटवायचं, प्रकरण सुरू झालं: बंडल आयडी, सर्टिफिकेट, प्रोव्हिजनिंग प्रोफाइल. एक्सकोडमध्ये ‘ऑटोमॅटिकली मॅनेज सायनिंग’वर टिक करून टीम (म्हणजे आपलं ॲपल खातं) निवडली की बरंचसं आपोआप होतं. फोनमध्ये डेव्हलपर मोडही चालू करावा लागतो. फुकटच्या ॲपल आयडीवर टाकलेलं ॲप सात दिवसांनी उघडत नाही, पुन्हा टाकावं लागतं. टेस्टफ्लाइट, म्हणजे ॲप इतरांना चाचणीसाठी द्यायची ॲपलची सोय, हवी तर वर्षाला 99 डॉलर.

एवढं करून ॲप सुरू झालं. मावसभावाने पावतीचा फोटो काढायचं बटण दाबलं आणि ॲप गपकन बंद. अँड्रॉइडवर तेच बटण नीट चालत होतं. एक्सकोडच्या लॉगमध्ये कारण सापडलं: कॅमेरा कशासाठी हवा, हे सांगणारं वाक्य इन्फो डॉट पीलिस्ट फाइलमध्ये नसेल, तर आयओएस ॲप तिथेच बंद करतं. एक ओळ घातली, फोटो निघाला. त्या क्षणी इतकं हायसं वाटलं! तुम्ही दोन्ही फोन पहिल्या आठवड्यापासून जवळ ठेवा. मॅक मिळतच नसेल तर कोडमॅजिकसारख्या ऑनलाइन सेवेवर बिल्ड करता येतं.

हो, मराठी ॲप करणाऱ्यांसाठी एक राहिलंच. आकडे, तारखा त्या त्या भाषेत दाखवणाऱ्या ‘इंटल’ पॅकेजमध्ये मराठी लोकेल (भाषेची निवड) ठेवलं की आकडे देवनागरीत दिसतात, पण टाइप केलेल्या मजकुराची संख्या करणारं डार्टचं ‘इंट डॉट पार्स’ देवनागरी आकडे घेत नाही. मावशी रक्कम देवनागरीतच टाकते, त्यामुळे आधी आकडे बदलून घ्यावे लागले.

प्ले स्टोअरचे 25 डॉलर एकदाच भरायचे. मात्र नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी 12 जणांनी सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये, म्हणजे निवडक लोकांच्या चाचणीत, राहावं लागतं. माणसं आधीच गोळा करून ठेवा. मी मावशीची गिऱ्हाइकंच धरली.