आमची वाटचाल: पॅनलच्या गाळ्यातून प्लांट रूममध्ये

भोसरीतल्या गाळ्यात आम्ही इलेक्ट्रिकल पॅनल बांधायचो. दारावर एनर्जी मीटर बसवायचा, त्याचं आरएस-485 चं टर्मिनल (मीटरचे आकडे वायरनं बाहेर न्यायची जागा) मोकळं सोडायचं आणि बिल लावायचं. त्या दोन स्क्रूंना पुढे कुणी वायर लावली का, हे आम्ही कधी विचारलं नाही. मग एका ऑफिस इमारतीच्या फॅसिलिटी मॅनेजरनी विचारलं, "इतके मीटर लावलेत, तर आमचा ऑपरेटर अजून वहीत आकडे का लिहितो?" आमचा आजचा धंदा या प्रश्नातून निघाला.

त्या इमारतीच्या बीएमएस रूममध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रणांवर नजर ठेवायच्या खोलीत, चार स्क्रीन होते. एसीचं पाणी थंड करणारा चिलर बॅकनेट बोलायचा, मीटर मॉडबस (दोन्ही यंत्रांनी आकडे पाठवायच्या भाषा), दरवाज्यांच्या कार्डांचा डेटाबेस वेगळा, डिझेल जनरेटरचा (डीजी) कंट्रोलर आणखी वेगळा. मॉडबस 1979 चा, बॅकनेट 1995 चं. 2006 मध्ये बॅकनेटला वेब सेवांची जोड मिळाली, त्याच वर्षी इमारतींच्या यंत्रणांसाठी वेब सेवांचं ओबिक्स हे मानकही आलं. म्हणजे कागदावर रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. साइटवर मात्र यंत्रणेच्या कंपनीच्या माणसाचं उत्तर ठरलेलं: "त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागेल." म्हणून आम्ही मधला मार्ग धरला. प्रत्येक यंत्रणेशेजारी छोटा गेटवे बसवायचा. तो यंत्रणेशी तिच्या भाषेत बोलणार आणि वरच्या सर्व्हरला एकाच साच्यात, साध्या वेब सेवेतून, आकडे देणार.

सॉफ्टवेअर लिहायला फार दिवस लागत नाहीत. वेळ खातात ते आकडे. मॉडबसचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, 16 बिटांचं, दशांशातला आकडा 32 बिटांचा, म्हणून तो दोन रजिस्टरांत मोडून येतो. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मीटरगणिक बदलतं. क्रम उलटा लागला की 230.4 व्होल्टच्या जागी चोवीस अंकी संख्या दिसते. ते बरं, लगेच कळतं. व्होल्टेज नेमकं 230 असेल तर तीच गडबड स्क्रीनवर शून्य दाखवते आणि मुलं केबल तपासत बसतात! नावांची तऱ्हा निराळीच. 'एआय-07' म्हणजे कुठल्या एएचयूचं (मजल्यावर थंड हवा सोडणाऱ्या यंत्राचं) कुठलं तापमान, हे यंत्रणा सुरू करून (कमिशनिंग) गेलेल्या माणसालाच ठाऊक. मग एकानं एएचयूपाशी सेन्सर हातात धरून गरम करायचा आणि दुसऱ्यानं स्क्रीनवर कुठला आकडा हलतो ते बघायचं. आमच्या पॉइंट लिस्ट, म्हणजे कुठला आकडा कशाचा याच्या याद्या, अशाच तयार होतात, आणि माझ्या मते गिऱ्हाइकानं पैसे मोजावेत ते याच कामाचे. रंगीत डॅशबोर्ड कुणीही देतं.

यंत्रणा जोडल्यावर पहिला फायदा दिसला तो संध्याकाळी. एएचयू वेळापत्रकावर चालत होते, मजला रिकामा झाला तरी. आता कार्डांच्या नोंदींवरून मजल्यावर कुणी उरलं नाही असं दिसलं, की एएचयू बंद होतो. एएचयू कमी झाले की चिलरवरचा भारही उतरतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएच बिलिंग लागू झालं आणि अकाउंट्सवालेही आमच्या स्क्रीनकडे बघू लागले, कारण या बिलिंगमध्ये पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतलं खरं काम करणाऱ्या विजेचं प्रमाण) घसरला की तेवढ्याच कामाची युनिटं वाढतात. एपीएफसीमधला, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनलमधला, एखादा कपॅसिटर गेला तर बिल यायच्या आधीच कळावं, एवढीच त्यांची मागणी.

एक पथ्य आम्ही पाळतो. आधी काही महिने फक्त वाचायचं. लिहिण्याची, म्हणजे यंत्रणेला हुकूम द्यायची, परवानगी घेतली तरी ती वेळापत्रक आणि सेटपॉइंटपुरती (ठरवून द्यायचं तापमान वगैरे). फायर अलार्मच्या यंत्रणेत आमचा गेटवे काहीही लिहीत नाही, मालकानं आग्रह केला तरी.

आमच्याकडे आयटीआय झालेले वायरमन आहेत आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मुली आहेत. नवीन माणसाला, मग तो कुणीही असो, आधी प्लांट रूममध्ये पाठवतो. पेमेंट अजूनही 'हँडओव्हर झाल्यावर' या शब्दांत अडकतं. त्यामुळे हल्ली कोटेशनमध्येच लिहितो: पासवर्ड, पॉइंट लिस्ट आणि वेब सेवेची माहिती इमारतीच्या मालकाची राहील, आणि पॉइंट लिस्टचा हप्ता वेगळा. या दुसऱ्या ओळीवर पर्चेसवाले अजून घासाघीस करतात.