तुम्ही विचारलंत म्हणून: लंकेतून निघताना

"भारताची शांतिसेना श्रीलंकेतून परत बोलावली, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं असेल ना?" निवृत्तीपासून हेच ऐकतोय. हो, वाटलं. लाजही वाटली. एका शब्दात उत्तर मागू नका.

आधी एक सांगतो. आम्ही हरून आलो नाही. जाफना आम्ही एलटीटीईकडून, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांकडून, घेतलं होतं. मेजर परमेश्वरन यांचं मरणोत्तर परमवीर चक्र त्याच मोहिमेतलं. अडीच वर्षांत जवळपास १२०० जवान गेले. १९८९ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी 'निघा' म्हटलं, दिल्लीत सरकार बदललं आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री फिरकले नाहीत. ते अजून सलतं.

पण रात्री आठवतो तो वेगळाच पोरगा. तमिळ नॅशनल आर्मी नावाने तिकडची पोरं भरती झाली होती, बरीचशी घरातून ओढून आणलेली. बंदुका आपण दिलेल्या. आपली पाठ फिरली की एलटीटीई त्यांना सोडणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. आमच्या पोस्टशेजारी त्यांचा नाका होता. आम्ही वाळूची पोती फोडत होतो, तेव्हा हा आला. सोळा-सतराचा असेल. वर्दी ढगळ, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आमच्याकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "साब, सिव्हिल शर्ट है?"

का हवा, हे विचारायची गरज नव्हती. माझ्या ट्रंकेत एक होता. निळ्या चौकडीचा, घडीही न मोडलेला, रजेवर घालायला ठेवलेला. मी म्हटलं, "नहीं है." तो थोडा वेळ उभा राहिला, मग वर्दीचं वरचं बटण लावत निघून गेला.

कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो: सामान बांधून झालं होतं, निघायचा हुकूम होता, एका शर्टाने काय वाचला असता तो? आज हे पटत नाही. ट्रंक उघडायला दोन मिनिटं लागली असती. मग वाटतं, शर्ट देऊनही आम्ही निघालोच असतो. आणि थांबलो असतो, तर माझ्याच पलटणीतली आणखी किती पोरं पेटीतून घरी गेली असती? राहायला हवं होतं, असं म्हणवत नाही. निघालो ते बरं झालं, असंही म्हणवत नाही.

त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. त्याच्याकडच्या बऱ्याच पोरांचं काय झालं, ते मात्र कळलं.

तो शर्ट रजेत घातला. सगळे म्हणाले, छान दिसतोय.