जरीची गरी

फ्लॅशर म्हणजे झिरमिळ्या बांधलेल्या गऱ्यांची, मासे धरायच्या गळांची, तयार दोरी. त्याच्या पाकिटावरचं चित्र एकदा निवांत बघावं. निळंशार पाणी, उसळी घेणारा लालबुंद मासा आणि त्याच्या तोंडाशी चंदेरी झिरमिळ्या लावलेली गरी. भर दुपारी धक्क्यावर बसून हे पाकीट फोडणाऱ्याला वाटतं, आता काय करायचं ते झिरमिळ्याच करतील. निम्मे गरवणारे इथेच फसतात. फ्लॅशरमध्ये झगमगाट ही सगळ्यात दुय्यम गोष्ट आहे, असं माझं जुनं आणि हट्टी मत आहे.

खरी करामत उंचीची. सगळ्यात खाली शिसं, त्याच्यावर हातभर अंतरावर पहिली गरी, आणखी ४० सेंटिमीटरवर दुसरी, हौस असेल तर तिसरी. शिसं तळाला टेकून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ताणला की गऱ्या पाण्याच्या तीन थरांत उभ्या राहतात. खालचीला राणे, ढोमे, शेंगाळे. खडप, म्हणजे पाण्यातला खडक, जवळ असेल तर गोबरा किंवा तांबोशी. वरचीला एखादा वाट चुकलेला काटबांगडा. न्यूझीलंडमध्ये फ्लॅशर घरोघरी असतो. तिथे गर्नर्ड मासा पंखांच्या बोटांनी तळ चाचपत फिरतो, म्हणून त्याच्यासाठी खालची गरी. काहवाई मात्र वरच्या वर उचलतो, कधीकधी शिसं तळाला पोचायच्या आतच. एकाच दोरीला इतक्या जातीचे मासे लागतात ते या मांडणीमुळे.

आणि ही मांडणी उभी असते एका गाठीवर. तंगूस साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा घ्यायचा. ही जाडी ताकदीसाठी नाही, गरी अडकवायचा फास ताठ राहावा म्हणून. बारीक तंगूसाचा फास मुख्य दोरीला चिकटतो आणि गरी तिच्याभोवती गुंडाळून बसते. बशीएवढा फास करायचा, दोन पदर जिथे एकमेकांवरून जातात तिथे पाच-सहा पीळ द्यायचे, पिळांच्या बरोबर मधोमध फट पाडून फासाचं टोक तिच्यातून ओढून घ्यायचं, ते दातांत धरायचं आणि दोन्ही हातांनी दोन बाजूंना खेचायचं. खेचण्याआधी थुंकी लावायला विसरू नये. कोरडी गाठ आवळताना तंगूस घर्षणाने तापतो, पांढुरका पडतो आणि मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. फास काटकोनात बाहेर आला पाहिजे, लांबी आठ-दहा सेंटिमीटर. तो चिमटीत दाबून गरीच्या नेढ्यातून घालायचा, गरीवरून उलटा फिरवायचा आणि घट्ट करायचा. दोन फासांमधलं अंतर कमी पडलं की वरची गरी खालचीला मिठी मारते. पाण्याखाली काय झालंय ते वर कळत नाही, आणि माणूस तासभर माशांना शिव्या देत बसतो.

शिसं मात्र वेगळ्या, बारीक तंगूसाने बांधायचं, ०.४० मिलिमीटर पुरे. खडपात अडकतं ते शिसंच. अशा वेळी तेवढंच तुटावं, तिन्ही गऱ्या घेऊन जाऊ नये.

आता झिरमिळी. बाजारात होलोग्राफिक तंतू मिळतात, चांगले असतात. पण घरात फाटक्या साडीचा काठ असेल तर दुकानात जायची गरज नाही. खरी जर वापरू नये, ती खाऱ्या पाण्यात काळवंडते. प्लास्टिकची नकली जर टिकते. समुद्राला खोटीच मानवते म्हणायचं! गरीच्या दांड्यावर आठ-दहा तंतू दोऱ्याने आवळून बांधायचे, वर नखं रंगवायच्या पारदर्शक पॉलिशचा थेंब. तंतू गरीच्या बाकाच्या पुढे जेमतेम सेंटिमीटरभर. त्याहून लांब ठेवले की मासा झिरमिळीचं शेपूट चोखून निघून जातो. पोळ्याच्या बैलासारखी गरी सजवणारे लोक आहेत. मणी, पिसं, रबराचा कुंचा, सगळं एकाच दांड्यावर. त्यांच्या गरीचं तोंडच त्या साजात बुजून जातं, आणि माशाच्या जबड्यात रुतायला टोक मोकळं राहत नाही.

रंगाबद्दल वाद घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. दहा-बारा मीटर खाली लाल झिरमिळी काळपट दिसते. तिथे पांढरी, चंदेरी किंवा टॉर्चचा उजेड पाजलेला हिरवट मणी बरा. मुंबई-अलिबागच्या गढूळ पाण्यात तर कुठलीच चमक फार लांब जात नाही, तिथे वासावरच भिस्त. पावसाळा सरून मालवण-देवगडकडे पाणी निवळलं की झिरमिळीला किंमत येते.

म्हणजे आमिष लागतंच. माकुलाची, म्हणजे स्क्विडची, पट्टी सगळ्यात उत्तम, कारण ती चिवट असते. लहान मासे टोचून टोचून पळवू शकत नाहीत. सेंटिमीटरभर रुंद, पाच सेंटिमीटर लांब, एका टोकाला निमुळती, आणि गरीत रुंद बाजूने एकदाच टोचलेली. दोनदा टोचून गोळा केला की तो प्रवाहात गरगरतो आणि फासाला पीळ पडतो. बांगड्याची पट्टी घेतली तर कातडी ठेवावी, नुसतं मांस लगेच सुटतं.

शिशाचं वजन प्रवाह ठरवतो. भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत दहा मीटर पाण्यात ७०-८० ग्रॅम पुरतं, उधाणात दुपटीनेही भागत नाही. तंगूस तिरका झाला की सगळ्या गऱ्या तळाजवळ येतात आणि तीन थरांचं गणित संपतं. गरी वळलेली, सर्कल प्रकारची असेल तर टुकटुक जाणवल्यावर हिसका द्यायचा नाही. हिसका दिला की ती तोंडातून सरळ निसटून येते. नुसता ताण वाढवत जायचं, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात फिरते. काही न करणं हे गरवणाऱ्याला सगळ्यात जड जातं.

बांगड्याचं तंत्र निराळं. त्याला जपानी साबिकी, म्हणजे सहा नाजूक गऱ्या, प्रत्येकीवर माशाच्या कातडीचा कपटा, आमिष नाही. बांगडा पाण्यातलं बारीकसारीक गाळून खाणारा. त्याला तो कपटा जवळ्यासारखा वाटत असावा. मधल्या पाण्यात हळू वर-खाली करायचं. पहिला लागला की जरा थांबावं, त्याच्या धडपडीने उरलेल्या गऱ्या नाचतात आणि थव्यातले आणखी लागतात. फार थांबलात तर सहा गऱ्यांचा गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाते. वर घेताना झटका नको, बांगड्याचं तोंड कागदासारखं फाटतं.

दुखापत होते ती मासा वर आल्यावर. खालच्या गरीला शेंगाळा फडफडतोय आणि वरच्या दोन मोकळ्या गऱ्या तुमच्या अंगठ्याच्या शोधात. आधी शिसं पकडून दोरी ताणायची, मगच पक्कड घेऊन माशाकडे वळायचं. शेंगाळ्याचे तिन्ही काटे विषारी. गरी नुसतीच कापून गेली असेल आणि कापही स्वच्छ असेल तर खाली केंड, म्हणजे फुगून गोल होणारा मासा, आहे. जागा बदला. केंड वर आलाच तर सोडून द्या, तो खायचा नाही.

किती मोठा मासा हवा ते गरीचा आकार ठरवतो, तेव्हा पिल्लं नको असतील तर मोठी गरी लावा. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिलाय, तेव्हा मोजपट्टी सोबत ठेवायला आपल्यालाही हरकत नाही.

पापलेट मात्र फ्लॅशरला लागत नाही. जेलीफिश आणि पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर पोसलेल्या माशाला माकुलाची पट्टी दाखवून काय उपयोग? ते आपलं कोळणीकडूनच घ्यायचं, घासाघीस करून.